समोरच्याने अप्पर मारला, आता जायचं की थांबायचं?

माझा आतेभाऊ नऊ वर्षं इंग्लंडमध्ये आहे, मागच्या डिसेंबरात आला तेव्हा म्हणाला गाडी मी चालवतो, तू बस शेजारी. तिकडेही डावीकडूनच चालवतात, स्टिअरिंगही उजवीकडेच, म्हटलं चालव बाबा. आमच्या गावाकडच्या रस्त्याला एक जुना पूल आहे, एका वेळी एकच चारचाकी जाईल एवढाच रुंद. समोरून छोटा हत्ती टेम्पो येत होता, त्याने लांबूनच दोनदा अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) मारला. भावाने हात वर करून त्याला थँक्यू केलं आणि गाडी सरळ पुलावर घातली. पुलाच्या मधोमध दोघं नाकाला नाक लावून उभे. टेम्पोवाला खिडकीतून मान बाहेर काढून जे बोलला ते सगळं इथे लिहीत नाही, पण त्याचा मुद्दा एवढाच होता की "लाइट मारला ना मी?" आणि भाऊ माझ्याकडे वळून तेच म्हणत होता, "अरे लाइट मारला ना त्याने!"

दोघंही आपापल्या जागी बरोबर. तिकडे समोरच्याने दिवा मारला की लोक त्याचा अर्थ 'या, तुम्ही आधी जा' असा घेतात (गंमत म्हणजे त्यांच्या हायवे कोडमध्ये लिहिलंय की दिवा फक्त 'मी इथे आहे' एवढं सांगायला मारा, दुसरा कुठला निरोप द्यायला नको, पण लोक देतात). आपल्याकडे दिवा मारला म्हणजे 'मी येतोय, तू थांब'. एकच दिवा, अर्थ बरोब्बर उलटे.

हे सांगायचं कारण म्हणजे ड्रायव्हिंगचे मॅनर्स म्हटलं की आपल्याला वाटतं मनाचा मोठेपणा, शांत स्वभाव, शिव्या न देणं वगैरे. ते चांगलंच आहे, पण रस्त्यावर मुख्य अडचण वेगळीच असते. तिथे शंभर माणसं एकमेकांशी बोलतायत आणि कोणालाच तोंडाने बोलता येत नाही. चार दिवे, एक हॉर्न, एक हात आणि गाडी रस्त्यावर कुठे धरलीये ती जागा, एवढीच काय ती भाषा. मग सभ्य ड्रायव्हर कोण, तर मी आता काय करणार आहे हे समोरच्याला मी करायच्या आधी कळतं तो. स्वभावाने तो खडूस असला तरी चालेल.

इंडिकेटरपासून सुरू करू. वळता वळता दिलेला इंडिकेटर म्हणजे वरातीमागून घोडं. गाडी वळायला लागलीये हे मागच्याला दिसतंच, त्याला दिव्याची गरज वळायच्या आधी होती. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. मागच्याला तुमचा दिवा दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद सहज जातो, म्हणजे १७ मीटर तर नुसत्या विचारात गेले, ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात. म्हणून इंडिकेटर आधी, ब्रेक नंतर, स्टिअरिंग शेवटी. आपल्याकडे ९० टक्के लोक ब्रेक आधी दाबतात मग आठवलं तर इंडिकेटर (टक्केवारी माझ्या मनाची आहे, पण आठवडाभर बघा आणि सांगा).

यात एक आपल्याकडचा खास घोळ आहे तो म्हणजे ट्रकचा उजवा इंडिकेटर. सिंगल रोडवर तुम्ही ट्रकच्या मागे अडकलाय, तो उजवा इंडिकेटर देतो. काही ड्रायव्हर याचा अर्थ 'जा पुढे, रोड मोकळा आहे' असा धरतात. काही 'थांब, समोरून गाडी येतेय' म्हणून देतात. आणि काही जण खरंच उजवीकडे ढाब्याला वळणार असतात! तीन अर्थ, दिवा एक, आणि चुकलात तर सरळ समोरच्या गाडीवर. मी उजव्या इंडिकेटरवर कधीच जात नाही. ट्रकने डावीकडे घेतलं, स्पीड कमी केला, क्लीनरने हात बाहेर काढून पुढे हलवला, की मग साइड मिळाली असं समजतो, आणि तरीही थोडं बाहेर येऊन स्वतःच्या डोळ्याने बघतो. कारण तो वर बसलाय, त्याला लांबचं दिसतं हे खरं, पण तुमच्या गाडीचा पिकअप किती आहे हे त्याला कुठे माहितीये.

दुसरा घोळ पार्किंग लाइटचा, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम चालू करायचं ते बटण. चौकात सरळ जायचंय म्हणून चारही लावणारे लोक आहेत, आणि हे शिकवणारे ड्रायव्हिंग स्कूलवालेही मी पाहिलेत. आता विचार करा, डाव्या गल्लीतून येणाऱ्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते, त्याला वाटतं तुम्ही डावीकडे वळताय, म्हणजे त्याच्याच गल्लीत, तो बिनधास्त पुढे येतो. उजवीकडच्यालाही तसंच वाटतं. म्हणजे एकाच वेळी दोघांशी खोटं बोललात. सरळ जायला काहीच दिवा लागत नाही, दिवा नसणं हाच सरळ जायचा सिग्नल. पावसात, बोगद्यात चारही लावून चालवण्याचंही तेच, कारण मग लेन बदलताना तुमच्याकडे सांगायला दिवाच उरत नाही. गाडी बंद पडलीये, टायर बदलतोय, रस्त्यात थांबावं लागलंय, तेव्हा लावायचं ते बटण आहे.

आता 'आधी कोण' हा भाग. इथे आपल्याकडे नियम आहेत, पण लायसन्सच्या परीक्षेनंतर ते कोणी आठवत नाही. सिग्नल नसलेल्या चौकात छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्याने थांबायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एवढंच आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे नियम वेगळा चालतो, ज्याची गाडी मोठी तो आधी, आणि सारख्याच असतील तर ज्याने समोरच्याकडे बघितलं नाही तो आधी. हे दुसरं मला फार दिवस कळलं नव्हतं. नजरेला नजर दिली की आपण त्याला बघितलंय हे त्याला कळतं, मग थांबायची जबाबदारी आपली. म्हणून लोक मुद्दाम सरळ समोर बघत घुसतात. टू-व्हीलरवाले यात पीएचडी आहेत.

सर्कलचं जरा नीट समजून घेऊ, कारण यामागचं कारण कोणी सांगतच नाही. आपण डावीकडून चालवतो म्हणून सर्कलला घड्याळाच्या काट्यासारखं फिरतो. तुम्ही सर्कलमध्ये शिरायला उभे आहात तर आत फिरणाऱ्या गाड्या तुमच्या उजवीकडूनच येणार, म्हणजे उजवीकडच्याला आधी हा नियम इथे आपोआप लागतो, आतला आधी, बाहेरचा थांबेल. का? समजा उलटं केलं, बाहेरचा घुसला आणि आतला थांबला. आतला थांबला की त्याच्या मागचाही थांबला, तो नेमका मागच्या रस्त्याच्या तोंडावर उभा राहिला, आता तिथून ज्याला बाहेर पडायचंय त्याला पडता येत नाही, तो आतच अडकला, त्याच्या मागे आणखी चार. दोन मिनिटांत सर्कल म्हणजे बरणीत अडकलेल्या हातासारखं होतं, आत सगळे आणि बाहेर कोणीच नाही. मग एक हवालदार येतो आणि पहिलं काय करतो तर बाहेरच्यांना थांबवून आतल्यांना काढतो. म्हणजे नियम जे सांगतो तेच.

आता एक गोष्ट सांगतो जी सभ्यपणाच्या नावाखाली होते आणि माझ्याकडूनच झालीये. डबल लेनचा रस्ता, मी डाव्या लेनला. कडेला एक मावशी भाजीची पिशवी घेऊन उभ्या, कोणी थांबेना. मी थांबलो, आणि नुसता थांबलो नाही, हात करून 'या या' केलं. मावशी निघाल्या, माझ्या बॉनेटच्या पुढून गेल्या आणि उजव्या लेनमधून एक पोरगा बाइकवर सणसणत आला. त्याला माझ्या गाडीमुळे मावशी दिसत नव्हत्या, मावशींना माझ्या गाडीमुळे तो दिसत नव्हता. पोराने ब्रेक दाबला, मागचं चाक वेडंवाकडं गेलं, मावशींच्या हातातली पिशवी पडली आणि टोमॅटो रस्ताभर. कोणाला लागलं नाही हे नशीब. पण मी ज्या रस्त्याची परवानगी दिली तो रस्ता माझा नव्हताच ना, माझी फक्त एक लेन होती. त्या माझ्या हाताकडे बघून आल्या, त्यांनी स्वतः डावीउजवीकडे बघितलंच नाही कारण गाडीवाला या म्हणतोय.

तेव्हापासून मी थांबतो पण बोलवत नाही. आधी आरशात बघायचं, हळूहळू स्पीड कमी करायचा म्हणजे मागचा ठोकणार नाही, आणि जमलं तर उजवा हात खिडकीबाहेर काढून तळवा खाली करून वरखाली हलवायचा. हा जुना हाताचा सिग्नल आहे, 'मी हळू होतोय', नियमात आहे, लर्निंगच्या परीक्षेत चित्र असतं, आणि एसी गाड्या आल्यापासून काचा बंद म्हणून मेलाच तो. पण मागच्या बाइकवाल्याला ब्रेक लाइटपेक्षा हात पटकन कळतो, काहीतरी आहे पुढे एवढं त्याच्या लक्षात येतं. पुढे जायचं की नाही ते मग चालणाऱ्याने बघून ठरवायचं. झेब्रा क्रॉसिंगवर मात्र हे उपकार वगैरे काही नाही, तिथे रस्ता त्यांचाच असतो, आपण थांबायचंच असतं. आपल्याकडे झेब्रावर थांबलं की मागचा हॉर्न मारतो ती गोष्ट वेगळी.

घाटाकडे येऊ, कारण घाटात हे सगळं सगळ्यात स्वच्छ दिसतं. घाटात अरुंद रस्ता असेल तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्याने कडेला थांबायचं. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमध्येच हे लिहून ठेवलं होतं, पण लिहिण्याच्या कितीतरी आधीपासून ड्रायव्हर लोक पाळत असणार कारण यामागे साधं मशीनचं गणित आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलायला जीव जातो. हँडब्रेक, हाफ क्लच, ॲक्सिलरेटर, गाडी आधी वीतभर मागे सरकते मग पुढे जाते, क्लच प्लेटचा वास येतो, आणि मागे कोणी चिकटून उभा असला तर त्याच्यावर जाते. उतारावरच्याला थांबायला फक्त ब्रेक दाबायचाय, आणि निघायला तो सोडायचाय. ज्याला थांबणं स्वस्त पडतं त्याने थांबायचं, असं साधं. मात्र ज्याला थांबणं स्वस्त तो कायम उतरणाराच असेल असंही नाही. खडी भरलेला डंपर उतरतोय, ब्रेक तापलेत, तर तुमच्या रिकाम्या कारने चढावर असूनही जागा बघून बाजूला व्हावं, तिथे नियम दाखवत उभं राहू नये.

हे मला वरंधा घाटात कळलं, भोरहून महाडला उतरताना. वळणावर खालून एसटी आली. मला दिसली होती, थांबायला जागाही होती मागे, पण मनात आलं की निघेल आपली. नाही निघाली. एसटीचा आरसा आणि माझा आरसा यात चार बोटं अंतर, डावीकडे माझी दरी. एसटीचे ड्रायव्हर काही बोलले नाहीत. इंजिन बंद केलं, आणि माझ्याकडे बघून हाताने मागे दाखवलं, शांतपणे, मास्तर पोराला बाकावर जा म्हणतात तसं. मग मी ३०-४० मीटर रिव्हर्स, चढावर, वळणावर, शेजारी बायको डोळे मिटून बसलेली, मागे एक वडाप जीप येऊन थांबलेली तिलाही मागे घ्यायला लावलं. पाच मिनिटं गेली असतील. जागा बघून आधीच थांबलो असतो तर २० सेकंदात मिटलं असतं. जाताना ड्रायव्हरसाहेबांनी स्टिअरिंगवरची चार बोटं उचलली. लाज वाटली राव.

घाटातच हॉर्नचं खरं काम कळतं. समोरचं दिसत नाही अशा वळणावर हॉर्न वाजवणं हा सभ्यपणाच आहे, 'मी येतोय' एवढं सांगायला, म्हणून तिथे पाट्या असतात. रात्री हॉर्नपेक्षा दिवा बरा, वळणाच्या पलीकडे उजेड पडलेला दिसतो. पण हाच हॉर्न सिग्नलला लाल दिव्याचे पाच आकडे उरले असताना वाजवला तर त्याने काय होतं? काही होत नाही, आणि हे मी रागाने म्हणत नाहीये, गणिताने म्हणतोय. हिरवा लागला की पहिली गाडी रेषा ओलांडायला साधारण दोन सेकंद घेते, तिच्यामागची त्यानंतर दोनेक सेकंदांनी, आणि असं मागेमागे. कारण पुढच्या गाडीत आणि आपल्यात जागा झाल्याशिवाय कोणी हलत नाही. म्हणजे दहाव्या गाडीचा नंबर हिरवा लागल्यावर २० सेकंदांनी येणार, तिने हॉर्न मारला काय आणि हनुमान चालिसा म्हटली काय. (मधून टू-व्हीलर घुसतात म्हणून आपल्याकडे हा हिशोब इतका सरळ नाही, पण मुद्दा तोच राहतो.) २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी यावर एक भन्नाट व्हिडिओ काढला होता, सिग्नलला आवाज मोजायचं मशीन जोडलं, ८५ डेसिबलच्या वर हॉर्न गेले की लाल दिव्याचे आकडे परत पहिल्यापासून. हॉर्न वाजवा, आणखी थांबा. लोकांची तोंडं बघण्यासारखी होती.

ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं असायचं ना, ते महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंद करायला सांगितलं परिवहन खात्याने, कारण त्यामुळे लोकांना उगाच हॉर्न वाजवायचं निमंत्रण मिळतं. अजून दिसतंच ते, पण असो. एकेकाळी त्याला अर्थ होता, ट्रकचा आवाज एवढा की मागचा आलेला कळायचंच नाही. आता उसाच्या सीझनमध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा भागात चालवलं असेल तर हे लक्षात येईल. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे रिफ्लेक्टर असला तर असला, आणि टेपवर गाणं फुल. त्याला मागचं दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तुम्ही कितीही हॉर्न दाबा तो साइड देत नाही म्हणून चिडण्यात अर्थच नाही कारण तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाहीये. तिथे फक्त अंतर ठेवायचं आणि सरळ पट्टा यायची वाट बघायची.

ट्रॅफिक जामबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. २००८ साली जपानमधल्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. २३० मीटरचा गोल ट्रॅक, त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं साधारण ३० च्या स्पीडने सारख्या अंतराने फिरत राहा. खड्डा नाही, सिग्नल नाही, म्हैस आडवी नाही, कट मारणारा रिक्षावाला नाही. तरी थोड्याच वेळात जाम! कोणीतरी किंचित जवळ गेला, जरासा ब्रेक दाबला, मागच्याने त्याच्याहून थोडा जास्त दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, करत करत कोणीतरी पूर्ण थांबलाच, आणि ती थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. हायवेवर कधी कधी अर्धा तास रखडून पुढे जाऊन बघतो तर काहीच नसतं, ना अपघात ना काम, ते हेच. म्हणून पुढच्याला चिकटून चालवणारा लवकर पोचत नाही, तो मागच्यांसाठी जाम तयार करतो. पुढच्याच्या आणि आपल्यामध्ये दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर ती लाट तुमच्यापाशी विरते, कारण तुम्हाला ब्रेक दाबायची गरजच पडत नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की झालं. (आपल्याकडे दोन सेकंदांचं अंतर ठेवलं की त्यात एक वॅगन-आर आणि दोन स्कूटर घुसतात हे मला माहितीये. घुसू द्या. परत अंतर करा.)

हे झालं चालत्या रस्त्याचं. उभ्या रस्त्याचा सगळ्यात चांगला धडा म्हणजे रेल्वे फाटक. फाटक पडतं. पहिल्यांदा दोन्हीकडे डाव्या बाजूला व्यवस्थित रांग लागते. मग एक बाइकवाला येतो, त्याला रांगेच्या उजवीकडे मोकळा रस्ता दिसतो, तो तिथून अगदी फाटकापर्यंत जातो. त्याच्या मागे आणखी दहा, मग एक रिक्षा, मग एखादा साहेब मोठी गाडी घेऊन. तिकडच्या बाजूलाही नेमकं हेच. गाडी जाते, फाटक उघडतं, आणि रुळाच्या अलीकडे पलीकडे दोन फौजा समोरासमोर, पूर्ण रुंदी भरून. सगळे पहिले आणि कोणीच जाऊ शकत नाही. रांगेत जे तीन मिनिटांत पार झालं असतं ते पंधरा मिनिटं चालतं, तेवढ्यात पुढच्या गाडीची वेळ होते आणि गेटमन भोंगा वाजवायला लागतो. प्रत्येकाने वाचवले तीस सेकंद, आणि सगळ्यांचे मिळून गेले बारा मिनिटं, तेही प्रत्येकाचे. गणपतीला कोकणात जाताना माणगावला जे होतं ते दुसरं काय आहे, उजवीकडे तिसरी रांग केली की समोरून येणारे अडकतात, ते अडकले की आपल्याला जागा व्हायची कुठून.

रस्ता अरुंद होतो तिथे, दोन लेनची एक होते तिथे, एकच युक्ती चालते, एक तुझी एक माझी. पँटची चेन लावताना कसे दोन्हीकडचे दात आळीपाळीने बसतात तसं. जर्मनीत तर हे कायद्यातच आहे आणि त्यांनी नावही चेनवरूनच ठेवलंय. दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरायच्या, टोकाशी येऊन एकेक गाडी आळीपाळीने आत घ्यायची. आपल्याला वाटतं शेवटपर्यंत येणारा आगाऊ आहे, रांग मोडतोय. तसं नाही, दोन्ही लेन भरून आल्या तर रांग निम्मी लांब होते आणि मागचा चौक अडत नाही. आगाऊ तो, जो टोकाशी येऊन आळी न पाळता दुसऱ्याच्या मागोमाग शेपूट धरून घुसतो. टोलनाक्याच्या पुढे हे करून बघा, एकाला आत घेतलं की मागचा आपोआप पुढच्याला घेतो, बऱ्याचदा घेतो, नेहमी नाही.

रात्रीच्या अप्परचं थोडक्यात सांगतो. समोरून अप्पर मारत कोणी आलं की आपले डोळे दिपतात, आणि डोळ्यांचं असं आहे की उजेडाची सवय पटकन होते, अंधाराची हळू. तो गेल्यावरही दोनतीन सेकंद धड दिसत नाही. ६० च्या स्पीडला तीन सेकंद म्हणजे ५० मीटर आंधळी कोशिंबीर. त्याला धडा शिकवायला आपणही अप्पर चालू ठेवला तर आता दोन आंधळे एकमेकांकडे येतायत. एकदा डिपर देऊन (म्हणजे दिवा खाली-वर करून) सांगून बघायचं, नाही ऐकलं तर स्पीड कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची. मागून कोणी अप्पर मारत असेल तर आतल्या आरशाखाली एक छोटी कांडी असते ती खाली-वर केली की आरसा मंद होतो, अर्ध्या लोकांना ही कशासाठी आहे ते माहीतच नसतं.

अँब्युलन्सला वाट न देणं हा आता साधा असभ्यपणा राहिलेला नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात त्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण बऱ्याचदा लोकांना द्यायची असते, फक्त सायरन ऐकून गोंधळतात आणि आहे तिथेच ब्रेक दाबतात. तसं नको, डावा इंडिकेटर देऊन डावीकडे सरकत राहा, म्हणजे ड्रायव्हरला कळतं तुम्ही ऐकलंय आणि कुठल्या बाजूला जाताय. आणि अँब्युलन्स गेली की तिच्या मागे लागून मोकळ्या वाटेने सुसाट जाणारे जे असतात त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही, लेख सभ्यपणावर आहे.

राहता राहिलं थँक्यू. हायवेला ट्रकवाल्याने साइड दिली की पुढे गेल्यावर एक छोटासा 'पीप' द्यायचा, लांबलचक नाही. रात्री असेल तर हात उचललेला दिसत नाही म्हणून लोक डावा-उजवा इंडिकेटर एकेकदा मारतात. मला हे दिलं की उगाच बरं वाटतं, आणि ट्रकवालाही कधीकधी उलटा पीप देतो. भावाला महिनाभरात ही सवय फार आवडली. तिकडे परत गेल्यावर एका बाईंनी त्याला गल्लीत आधी जाऊ दिलं, याने सवयीने पीप केलं, तर बाई गाडी थांबवून काच खाली करून विचारायला लागल्या म्हणे, माझं काही चुकलं का?